शैलाताईंचा श्वास

रेडिओवाल्यांकडे किस्से साठतातच. तोंडातून सुटलेलं पुसता येत नाही, आणि ऐकणारे ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. वरवंडजवळच्या आमच्या गावचं रेडिओ केंद्र म्हणजे आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेली एक खोली. माणसं तीन: हवामान आणि बाजारभाव सांगणाऱ्या शैलाताई, मशीन सांभाळणारे फिलीपमामा आणि शिकाऊ मी.

*

मी आलो रांजणगावच्या कंपनीतून. प्रेस मशीनच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. पहिल्या दिवशी माइकसमोरही तसाच सुरू झालो. मामांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"माइक बहिरा न्हाई, बाबा. आता मी व्हईन."

*

डाळिंबाच्या मुलाखतीला एक आबा आले होते. ताईंनी विचारलं, "फळ केवढं धरतं?" आबांनी नुसताच दोन्ही हातांनी आकार दाखवला.

ताई हळूच म्हणाल्या, "आबा, ऐकणाऱ्यांना दिसत नाही. बोलून सांगा."

"आमची कारभारीण ऐकतीय घरी. तिला बरुबर कळलं आसंल."

*

ताईंची एक खोड होती. "नमस्कार" म्हणायच्या आधी त्या मोठा श्वास घ्यायच्या आणि तो रेडिओवर साफ ऐकू यायचा. मामा चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, त्यामुळे कान तिखट. ते चिडवायचे, "ताई, तुमचं हापशासारखं हाय. आधी नुसती हवाच येती."

एकदा त्यांनी रेकॉर्डिंगमधले सगळे श्वास कापून टाकले. कार्यक्रम अगदी गुळगुळीत झाला. तो संपतो न संपतो तोच खुटबावहून आप्पांचा फोन. आप्पा आमचे रोजचे श्रोते, त्यांचा रेडिओ गोठ्यात टांगलेला असतो.

"ताईला जरा थांबू द्या की. ऐकून आमालाच धाप लागली."

त्यानंतर मामांनी श्वासाला कात्री लावली नाही.

*

मग ताईंच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे बोलायचं नाही असं बजावलं. नंतर आवाज पहिल्यासारखा येईल का, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. मला फार भीती वाटली. ताईंची काळजी तर होतीच, वर रोजचं निवेदन माझ्या गळ्यात पडलेलं.

घरी करमेना म्हणून ताई पाटी-पेन्सिल घेऊन केंद्रावर यायला लागल्या. मी त्यांच्यासारखंच बोलायचो, अगदी सुरुवातीच्या श्वासासकट. त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली: "तो माझा आहे. तू तुझा घे."

आप्पांचा फोन आला. "पोरा, बरा बोलतूस. पर ताई कवा येणार?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी पाटीवर "येणार" लिहिलं, पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

*

सहा आठवडे संपले. डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायची परवानगी दिली. घरी ताईंनी चार शब्द बोलून पाहिले होते, पण माइकची गोष्ट वेगळी. त्या दिवशी आम्ही कुणालाच काही कळवलं नव्हतं. मामांनी बोट उचललं आणि लाइव्ह सुरू झालं.

ताईंनी श्वास घेतला. शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा काहीच नाही. रेडिओवर अशी शांतता म्हणजे गुन्हाच. मामांचा हात गाण्याच्या बटणापर्यंत गेला, पण त्यांनी ते दाबलं नाही. मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात फोनचा दिवा लुकलुकला. मी फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"आल्या न्हवं ताई?" खुटबावचे आप्पा होते. "सावकाश व्हऊ द्या म्हणावं. आमी हाय हितंच."

ताईंनी तिसऱ्यांदा श्वास घेतला. "नमस्कार." घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा.

"नमस्कार ताई," आप्पा म्हणाले. "हं, आता हवामान सांगा."