गाजराचा हलवा आणि को-रिप्रेसर

उज्जैनच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. को-रिप्रेसर हा शब्द फळ्यावर कितीदा लिहिला असेल, पण तो कधी माझ्या घरात आला नव्हता. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग निघाला आणि इंदूरच्या डॉक्टरांच्या तोंडून तोच शब्द ऐकला, तेव्हा आला.

पेशीला मोठं व्हायचं तर त्यासाठीची जनुकं वाचली जावी लागतात. को-रिप्रेसर प्रथिनं तिथेच ठाण मांडून बसतात, मदतीला विकरं बोलावतात आणि डीएनए इतका घट्ट गुंडाळून ठेवतात की वाचणं थांबतं. निरोगी पेशीत अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक चिमुकला रेणू आला की ती निमूट उठतात. भावाच्या पेशींत दोन गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली गेली होती, त्यामुळे ही प्रथिनं हलायलाच तयार नव्हती. पेशी पोरवयातच अडकून संख्येने बेसुमार वाढत होत्या. औषध म्हणजे तोच रेणू, भरपूर मात्रेत, आणि सोबत चक्क आर्सेनिक.

"या पेशी नुसत्या मारायच्या नाहीत, मोठ्या करायच्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

भावजयीने त्यातलं 'जीवनसत्त्व' तेवढं उचललं. उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावरून बस पकडून ती रोज इंदूरच्या इस्पितळात गाजराचा हलवा आणू लागली. "ताई, दवाईच विटामिनची आहे, तर घरचं विटामिन पण पोटात जायला पाहिजे नं?" आमच्याकडे कुठल्याही आजारावर पहिला उपाय डब्यातूनच जातो, त्यामुळे मीही डबा भावापुढे ठेवला.

काही दिवसांनी पांढऱ्या पेशींचा आकडा उतरायचा सोडून चढला. भावजयीने मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. "माझ्या हलव्यानेच गडबड झाली का हो, ताई?" भाऊ हातचा जातो की काय, ही धास्ती मलाही होती.

मी डॉक्टरांना गाठलं. हलव्याने काही बिघडलेलं नाही, पण औषधातूनच त्या जातीचं भरपूर जातंय, तेव्हा आता बंद करा, असं सांगून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचेवर भावाचं रक्त होतं. त्यात एक पांढरी पेशी दिसली, केंद्रक नीट खंडांत विभागलेलं, पूर्ण वाढलेली. आणि तिच्या आत एक बारीक लालसर काडी, अशा कर्करोगाच्या पेशीतच सापडणारी. म्हणजे ही कुठून नव्याने आलेली निरोगी पेशी नव्हती. आजारीच पेशी मोठी झाली होती. शेजारी तशीच आणखी एक.

"अशा मोठ्या झालेल्या पेशी रक्तात उतरल्यात, म्हणून आकडा चढलाय," डॉक्टर म्हणाले. "जपावं लागेल, पण औषध लागू पडतंय."

डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला पुढचं काहीच दिसेना. डोळ्यांना कधी न दिसणारी ती प्रथिनं जागेवरून उठली होती, आणि त्यावर माझ्या भावाचं जगणं ठरत होतं.

बाहेर आले तर भावजय भिंतीला टेकून उभी. "उठली गं ती," मी म्हटलं, "उठली!"

कोण उठलं ते तिला कळलं नाही. माझा चेहरा पाहून तिने मला घट्ट मिठी मारली.