विशाखाताई मागे उभ्या राहायच्या

फोन आला तेव्हा मी मुलांना खिचडी वाढत होते. विशाखाताई त्या दिवशी शाळेत आल्या नव्हत्या. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, दवाखान्यात दाखवून उद्या येते, असं त्यांनी सकाळीच कळवलं होतं. फोनवर त्यांचे यजमान होते. "मॅडम, विशाखा गेली," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हणाले, मोबाइल ठेवला आणि पुढच्या ताटलीत खिचडी वाढली... सगळ्यांचं वाढून झालं, ताटल्या धुऊन झाल्या, मग शाळा सोडली. याला आता काही आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. येईल, असं सगळे सांगतात.

चुडाव्याजवळच्या खेड्यातली आमची शाळा दोन शिक्षिकांची. पहिली-दुसरी ताईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, मधे एक पातळ भिंत. त्यामुळे माझा वर्ग घेता घेता मी त्यांचाही ऐकत आले. त्या मुळाक्षरं ओळीनं घोकून घेत नसत. आधी म, क, ल, आणि एक काना, बस्स. तेवढ्यावर पोरं मका, काम, माल वाचू लागायची. "नाव नको, आवाज काढ," हे त्यांचं दिवसभर चालायचं. शाळेजवळच्या रुळावरून रेल्वे आली की वर्ग गप्प. गाडी पार निघून जाईपर्यंत त्या थांबायच्या, गोंगाटात ऐकलेला आवाज कानात वाकडा बसतो म्हणायच्या. आणि तपासायची त्यांची स्वतःची रीत होती. एकेका मुलाला ओट्यावर बोलवायचं आणि पाटीवर ‘लाकम’, ‘तामू’ असले बिनअर्थाचे शब्द लिहून द्यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अनिता, ‘आई’ पोरगं चित्र बघूनबी वाचतं. ‘लाकम’ कुठून पाठ करील?" त्यानंतर मुलाला पाठमोरं बसवायचं. ताई मागे उभं राहून एकेक आवाज सुटा म्हणायच्या, मुलानं नुसत्या कानानं ते जोडून शब्द सांगायचा.

रेश्मा नावाची एक मुलगी होती, आईबाप कापूस वेचायला जाणारे. चुणचुणीत. समोर बसली की सगळं यायचं, फक्त ‘साप’ला ‘आप’ म्हणायची. बोबडी आहे, असं मलाही वाटायचं. तिला पाठमोरं बसवलं त्या दिवशी मी दारात उभी होते. ताईंनी मागून आवाज दिला. रेश्मा वळून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. "मागं बघू नको, राणी." पुन्हा आवाज दिला, पुन्हा ती वळली. तिसऱ्यांदा ताईंनी तिचं डोकं दोन्ही हातांनी हलकेच पुढे धरलं. रेश्मा नुसती हसत बसली. ताई बराच वेळ तिच्या मागे तशाच उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "ही ऐकतच न्हाई गं. ही ओठ वाचायलीय."

संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. बाप म्हणाला, "म्हंजी डोक्यानं कमी हाय का, बाई?"

"डोक्यानं लय हुशार हाय. कानानं कमी हाय."

आई चुलीपाशी बसलेली. तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "किती हाका मारल्या तरी वळंना वो. मुद्दाम करायलीय म्हनून मी हानायचे तिला." ताई तिच्याजवळ खाली बसल्या. थोड्या वेळानं तिनं चहा ठेवला, तो आम्ही प्यायलो.

पुढे परभणीच्या दवाखान्यात कान तपासणं, मशीन मिळणं, ते बिघडणं... ताई दर वेळी रजा टाकून तिला रेल्वेनं नेत. मशीन कानात बसलं त्या दिवशी वर्गातल्या पंख्याच्या आवाजानं रेश्मा रडली. मग बरेच दिवस ती ते दप्तरात लपवून ठेवायची, कारण पोरं चिडवायची. ताई ओरडल्या नाहीत. रोज सकाळी स्वतःच्या हातानं ते कानात घालून द्यायच्या. एक दिवस भिंतीपलीकडून ‘साप’ ऐकू आलं, अगदी स्पष्ट. इतका लांबलेला ‘स’ मी पुन्हा कधी ऐकला नाही. रेश्मा आजही सावकाशच वाचते, पण वाचते. आता पूर्णेला शिकते.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला ती आईबरोबर आली होती. बुद्धवंदना झाली, मग भाषणं सुरू झाली. कर्णा खरखरत होता. ताई किती कर्तव्यनिष्ठ होत्या, हे लोक सांगत होते. रेश्मानं कानातलं मशीन काढलं, मुठीत धरलं आणि ताईंच्या फोटोकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसून सगळं ऐकत होते. त्यातला एक शब्दही मला आता सांगता येणार नाही.

सध्या चारही वर्ग मीच घेते, ताईंच्या खोलीत. तिथे दाराशेजारी दाढीचा एक लहान आरसा टांगलेला आहे, इतका खाली की मला वाकावं लागतं. ‘ब’ म्हटलं की काच कोरी राहते, ‘भ’ म्हटलं की तिच्यावर वाफ धरते. थंडीत तर छानच दिसतं. हे ताईंनी पोरांना लावून दिलेलं. पोरं अजून सकाळी येतात, दप्तर टाकतात आणि कुणी न सांगता आरशासमोर रांग लावतात. परवा पहिलीतली एक चिमुरडी तोंड काचेला लावून ‘भ’ म्हणाली आणि माझ्याकडे वळून बघत राहिली. मला आधी कळलंच नाही की ती कशाची वाट बघतेय.

"बाई, उमटलं का?"

मी वाकले. काचेवर लहानसा धुरकट गोल होता, कडेनं विरत चाललेला.

"उमटलं," मी म्हणाले. तिच्या मागचं पोरगं पुढे सरकलं.