भागीआजीची काठी

माझी पोस्टिंग भुईगावच्या किनाऱ्यावर झाली तेव्हा मी नालासोपाऱ्यात आचोळ्याला राहत होते. मी होमगार्डमध्ये होते. पोलिसांच्या मदतीला बंदोबस्तासाठी जे दल असते, ते हे. विसर्जन, निवडणूक, जत्रा, पावसाळ्यात तुंबलेले पाणी, अशा वेळी आम्हाला बोलावत. माझे शिक्षण चौथी. मी भरती झाले तेव्हा तेवढ्यावर घेत होते. धावण्यात पास झाले. परेडमध्ये पाऊल चुकत नसे. आवाज तेवढा निघत नसे. प्लाटून सार्जंट म्हणायचे, "हिचा 'सावधान' ऐकायला आख्ख्या प्लाटूनला आधी सावधान व्हावं लागतं."

किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गर्दी होई. म्हणून तिथे दोन महिला होमगार्ड ठेवल्या. दुसरी होती सेक्शन लीडर ब्रिजिट. ती भुईगावचीच, बागायतदार घरातली. वयाने माझ्याएवढीच. पहिल्या दिवशी सुरूच्या झाडाखाली तिने फॉल-इन घेतला. आम्ही दोघीच होतो.

"रोल कॉल," ती म्हणाली. "एक."

मी म्हणाले, "दोन."

"सेक्शन पूर्ण. विश्राम. हे खा."

तिच्या खिशात केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी होती. घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली. पुढेही रोल कॉल तिने रोज घेतला आणि सुकेळी रोज दिली.

ड्यूटी सोपी होती. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचे. गाड्या वाळूत उतरू द्यायच्या नाहीत. कोणाचे मूल हरवले तर हातात धरून आईबाप सापडेपर्यंत उभे राहायचे. बाकी वेळ किनारा बघायचा. मी तुळिंजच्या बाजारातून भाजीच्या गाड्या चुकवत चालणारी बाई. एवढी मोकळी जागा मी कधी पाहिली नव्हती. ओहोटीला पाणी इतके मागे जाई की ओल्या वाळूवर एका वेळी चार-पाच क्रिकेटचे सामने चालत. एकाचा चेंडू दुसऱ्याच्या फील्डरने अडवला तरी भांडण होत नसे. सकाळची मिस्सा आटोपून माणसे चर्चच्या कपड्यांतच यायची आणि चपला हातात घेऊन फिरायची. बागेतली कामे संपवून बायका संध्याकाळी येऊन बसायच्या. घरी एकमेकींशी बोलायची त्यांची भाषा मला निम्मी कळे. ब्रिजिट मला समजावून सांगे. बहुतेक वेळा विषय सुनेचा असे.

ओहोटीला शेजारच्या कोळीवाड्यातून चार-पाच जणी शिवल्या काढायला येत. शिवल्या म्हणजे वाळूतल्या शिंपल्या. जुन्या विळ्याने वाळू ओरबाडायची, खट्ट आवाज आला की हात घालून शिवली पाटीत टाकायची. त्यांची जागा आत लांब होती, वाळूच्या एका उंचवट्यावर. उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट भाग होता. त्याला नाळ म्हणत. भरती लागली की पाणी समोरून येण्याआधी या नाळेत शिरे. म्हणजे समोर कोरडे दिसते आणि पाठीमागची वाट बंद झालेली असते.

या बायकांची म्होरकी भागीआजी. तिच्याकडे एक काठी होती. काठीला निळ्या लुगड्याची चिंधी. आल्यावर ती काठी उंचवट्यावर रोवायची. पाणी फिरले की उपटायची. काठी निघाली की सगळ्या निघत. त्याआधी कोणी मान वर करत नसे. मी पहिल्या आठवड्यात भरती लागताना त्यांना शिट्टी मारली होती. एकीनेही बघितले नाही. परत येताना सुमन नावाची त्यांच्यातली तरणी बाई मला म्हणाली, "बाय, तुझी शिट्टी कालची. ही काठी आजीच्या सासूची."

ब्रिजिट म्हणाली, "दम वाया घालवू नकोस. आजी चुकत नाही."

आजी खरेच चुकत नव्हती.

गावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर रस्सीखेच असते. वरची आळी विरुद्ध खालची आळी. ख्रिस्ती, हिंदू दोन्हीकडे मिसळून असतात, कारण आळी ज्याची त्याची असते. रस्सी होडीची, मनगटाएवढी जाड. मधोमध लाल फडके. पंच इनास मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. त्या दिवशी दुपारी आम्ही ड्यूटीवर होतो. घराघरांतून पिठाचे तळलेले फुगे आले होते. ब्रिजिटच्या आईने आमच्यासाठी वेगळा डबा पाठवला होता. हवा छान होती. ओहोटी होती.

शिवल्यावाल्या पाच जणी सकाळीच आत गेल्या होत्या. दुपारी भागीआजी एकटी पाणी प्यायला किनाऱ्यावर आली. काठी तिथेच ठेवून आली. आपल्या जागेत कोणी विळा घालू नये म्हणून ती नेहमीच तसे करत असे. नेहमी पाणी पिऊन लगेच परत जाई. त्या दिवशी तिचा नातू रमेश खालच्या आळीकडून ओढत होता. आजी सुरूखाली टेकली.

पहिली खेच वरच्या आळीने जिंकली. दुसरी खालच्या. तिसरी सुरू झाली आणि रस्सी जागची हलेना.

"ए वरची आळी, फुगे जास्त झाले काय!"

"तुमचा शेवटचा बघा, झोपलाय तो! उठवा त्याला!"

भागीआजी उभी राहून ओरडत होती. "रम्या, पाय रोव! लगनात नाचतोस तसा नाचू नको!"

मी पाण्याच्या बाजूला होते. नाळेकडे पाहिले. मघाशी घोट्याएवढे पाणी होते, ते आता गुडघ्याच्या वर दिसत होते आणि उत्तरेकडून ओढीने आत येत होते. उंचवट्यावर चार बायका वाकलेल्या होत्या. काठी उभी होती. मी शिट्टी काढली आणि तीन लांब शिट्ट्या दिल्या.

बायकांनी मान वर केली नाही. माझ्या पाठीमागे मात्र दोन्ही संघांनी रस्सी सोडून दिली.

"शिट्टी कोणी मारली?" इनास मास्तर ओरडले. "पंच मी आहे! खेच चालू! परत धरा!" आणि त्यांनी स्वतःची शिट्टी मारली. लोक हसले. रस्सी पुन्हा ताणली गेली.

ब्रिजिट धावत आली.

"किती जणी?"

"चार."

"आजी कुठाय?"

मी सुरूकडे बोट केले. ब्रिजिटने आजीकडे पाहिले, मग काठीकडे.

"त्यांना वाटतंय आजी तिथेच आहे, त्यांच्या पाठीशी," ती म्हणाली. "त्या निघणार नाहीत."

तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "कंट्रोल, भुईगाव किनारा. चार महिला भरतीत अडकल्या आहेत. बोट पाठवा. ओव्हर."

"भुईगाव, बोट पाठवतो. अर्धा तास लागेल. ओव्हर."

"अर्धा तास नाही आमच्याकडे. ओव्हर." तिने सेट माझ्या हातात दिला आणि बूट काढू लागली. "निर्मला, रस्सी आण."

मी मास्तरांकडे गेले. "रस्सी पाहिजे," म्हणाले. त्यांना ऐकू गेले नाही. पुन्हा म्हणाले. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा चालला होता. मग मी मधोमध गेले आणि लाल फडक्यावर, रस्सीवरच बसले.

खेच थांबली.

"अहो मॅडम, उठा! काय करताय?"

मी समुद्राकडे हात केला. सगळ्यांनी तिकडे पाहिले. त्यानंतर मला काही बोलावे लागले नाही. भागीआजीच्या तोंडून एकच शब्द निघाला, "काठी."

ब्रिजिटने रस्सीचे टोक कमरेला बांधले, रस्सीखेचेत शेवटचा गडी बांधतो तसे. दुसरे टोक दोन्ही आळ्यांनी धरले. ती नाळेत शिरली. पाणी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मध्यावर पाय जेमतेम टेकत होते. ओढ तिला तिरकी नेत होती. रमेश आणि आणखी दोघे पुढे पाण्यात उभे राहून रस्सी सोडत होते. ती उंचवट्यावर चढली. बायकांना तिने हाक मारली नाही. सरळ काठीपाशी गेली, काठी उपटली आणि डोक्यावर धरली.

चारही माना एकदम वर आल्या.

त्यांनी आधी आजीला शोधले. मग पाठीमागे नाळ पाहिली. किनाऱ्यावरून आजी ओरडत होती, "पाट्या टाका! या गो, या!" पाटी कोणी टाकली नाही.

उंचवट्यावर रस्सी बांधायला काही नव्हते, नुसती वाळू. ब्रिजिट खाली बसली, टाचा वाळूत रोवल्या आणि पाठीवर रेलली. तीच खुंटा झाली. एकेक बाई रस्सी धरून नाळेत उतरली. डोक्यावर पाटी, एक हात रस्सीला. पहिली आली. दुसरी आली. तिसरीची पाटी मध्यावर वाहून गेली. सुमन शेवटची. ती उतरेना.

"उतर!" ब्रिजिटचा आवाज आम्हाला इकडे ऐकू येत होता. "शिवल्या उद्या पण आहेत!"

"तू पण चल!"

"आधी तू!"

सुमनचे पाय मध्यावर सुटले. रमेशने पुढे जाऊन तिला दंडाला धरले आणि आणले. तोवर उंचवटा पाण्याखाली गेला होता. ब्रिजिट उभी होती, पोटापर्यंत पाण्यात. काठी हातात.

इनास मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली. "दोन्ही आळ्या! एका बाजूला! खेच!"

सगळे एकाच बाजूला ओढत होते. मीही धरली होती. ती पाण्यातून येताना काही वेळ दिसली नाही, नुसती काठी दिसत होती. मग डोके दिसले.

वाळूवर ती बराच वेळ खोकत होती. गाठ भिजून घट्ट बसली होती. मी दाताने सोडवली. कमरेभोवती कातडी सोलली होती. भागीआजी येऊन उभी राहिली. ब्रिजिटने झोपूनच काठी पुढे केली.

"मेले, टाकून यायची ना," आजी म्हणाली.

"टाकली असती तर तुमच्या सासूने मला सोडलं असतं?"

आजी हसली नाही. तिने ब्रिजिटच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड वळवून उभी राहिली.

ब्रिजिटने माझ्याकडून सेट मागून घेतला. "कंट्रोल, भुईगाव. सगळ्या बाहेर. बोट परत बोलवा. ओव्हर अँड आउट." मग मला म्हणाली, "डबा कुठाय?" आम्ही फुगे खाल्ले. गार झाले होते. तिसऱ्या खेचेचा निकाल लागला नाही. पुढच्या वर्षीपासून मास्तर शिट्टी मारत नाहीत, रुमाल टाकतात. शिट्टी किनाऱ्याच्या ड्यूटीला ठेवली.

त्याच वर्षी पावसाळ्यात नालासोपाऱ्यात पाणी तुंबले. आमची प्लाटून तिकडे लावली. मला आचोळे मिळाले, ब्रिजिटला तुळिंज. गल्लीच्या दोन्ही टोकांना रस्सी धरून माणसे पलीकडे काढायची, हेच काम. ती रस्सीच्या टोकाला उभी होती. पाण्यात करंट उतरला. मला वायरलेसवर कळले. ड्यूटी संध्याकाळपर्यंत होती, ती मी केली.

भुईगावच्या चर्चमागे तिला पुरले. प्लाटूनने सलामी दिली. शिवल्यावाल्या पाचही जणी आल्या होत्या, ओल्या लुगड्यांनी, ओहोटी अर्धी सोडून.

पुढच्या महिन्यात किनाऱ्यावर नवी बाई आली. रोल कॉल मी घेतला. दोनपासून सुरू केला. नवीने माझ्याकडे पाहिले आणि "तीन" म्हणाली.

आता माझीही सेवा संपली आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी मी भुईगावला जाते. सुरूखाली बसते. त्या दिवशी उंचवट्यावर दोन काठ्या असतात. एक निळ्या चिंधीची. दुसरी थोडी समुद्राच्या अंगाला, खाकी चिंधीची. चिंधी ब्रिजिटच्या आईने युनिफॉर्म फाडून दिलेली आहे. त्या काठीभोवती कोणी विळा घालत नाही.

पाणी फिरले की भागीआजी आधी आपली काठी उपटते. पण बायका निघत नाहीत. आजी दुसऱ्या काठीपाशी जाते. तिला आता वाकवत नाही, म्हणून सुमन हात धरते. दोघी मिळून काठी उपटतात. आजी काठीला म्हणते, "चल गो बाय, पानी आलं."

मग सगळ्या निघतात.