सात वीरांची फाइल

लग्न करून शेलूबाजारहून मंगरूळपीरला आले, तेव्हा सासरी तीन माणसं होती आणि सात वीर होते. माणसांशी जुळायला आठ दिवस पुरले. वीरांनी मात्र दमवलं.

हे वीर एका हिंदी चित्रकथेतले. एक उडायचा, एक आगीतून चालायचा, एक बाई मनात येईल तेव्हा दिसेनाशी व्हायची. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. दर पंधरवड्याला ओळखीचा एस.टी. कंडक्टर अकोल्याहून नवा अंक आणून द्यायचा. माझे यजमान शाळामास्तर, नणंद मॅट्रिकला; दोघं दोन वर्षांपासून वाचत होते आणि जेवतानाही त्याच भाषेत बोलायचे. "दादा, तू तं म्हाताऱ्या वीरावानी ढेपाळला!" असं ती म्हणायची आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसायचे. मला वाटायचं, माझ्या वरणालाच हसतात. मी वाटीत बघायची.

रविवारी दुपारी बाजेवर बसून दोघं नवा अंक मोठ्यानं वाचत. एकदा मीही टेकले.

"वयनी, तुमाले मागचं काहीच माहीत नाही," नणंद म्हणाली. "दर पानाले थांबून सांगत बसू काय?"

"मागचं वाचलं तर?"

"परीक्षा घेऊ. पास झाल्या तं बसा."

यजमान अंकात डोकं खुपसून होते. नव्या नवऱ्यानं बायकोची बाजू घ्यायची असते, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

मागचे सगळे अंक सासऱ्यांच्या कपाटात होते. मामंजी तहसील कचेरीत कारकून. पोरांचं पुस्तक ते हातात धरत नसत, पण अंक वाचून झाला की दाभणानं कोपऱ्यात भोक पाडून हिरव्या लेसमध्ये ओवून ठेवत. वर-खाली पुठ्ठा. मुखपृष्ठं मात्र नणंदेनं आधीच काढून भिंतीवर डकवलेली, त्यामुळे कुठल्याच अंकाला ना नंबर ना तारीख.

पंधरा दिवस मी भाकरी थापता थापता, निवडणं निवडता निवडता ती फाइल वाचली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, शहाण्या मुलीसारखी. गोष्ट जरा विचित्र होती. एका अंकाच्या शेवटी माणूस कड्यावरून लोंबकळायचा आणि पुढच्या अंकात घरी बसून आंबा खायचा. म्हटलं, मोठ्या शहरातल्या गोष्टी अशाच असतील. आपण शेलूबाजारच्या, आपल्याला काय कळतं!

रविवारी परीक्षा सुरू झाली.

"ते दिसेनाशी होनारी बाई," नणंदेनं विचारलं, "टोळीत कशी आली?"

हा प्रश्न मला तोंडपाठ होता. "आली कुठं? ती तर आधीपासून सगळ्यांची मुख्य. मग बिचारीचं पद गेलं. मग ती शत्रूला मिळाली, चोऱ्या करू लागली, शेवटी तुरुंगात गेली. इतकी चांगली बाई हो, वाया गेली!"

नणंदेनं दादाला कोपरानं ढोसलं.

"अन् म्हातारा वीर?"

"तो आधी मेला. मग अंथरुणावर पडून होता. मग बरा होऊन ट्रक उचलू लागला."

यजमान बाजेवरून खाली घसरले. नणंद भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. "वयनी, तुमी हिंदी बी उलटं वाचता काय वो?"

मला रडू यायला लागलं. पंधरा दिवसांच्या मेहनतीनंतर मी होते तिथंच, बाजेच्या खाली. तेवढ्यात आतून मामंजी आले.

"काहून हसून राह्यले? फाइल म्या लावली. ताजा कागद वर, जुना खाली. कचेरीत असंच असते. सूनबाई वरून वाचत गेली, ते बरोबर वाचली."

"बाबा, गोष्टीची कोनी अशी फाइल लावते काय?"

"गोष्ट असो का अर्ज असो."

आता दोघं बापाकडे बघून हसायला लागले. मी डोळे पुसले आणि मनात खुपत होतं ते विचारून टाकलं. "पण तुरुंगात तिला किल्ली देणारा तो म्हाताराच ना?"

हसणं थांबलं. तुरुंगात गजांतून किल्ली देणारा हात कोणाचा, हे चित्रकथेनं दोन वर्षं झाकून ठेवलं होतं. घरात त्यावरून भांडणं व्हायची.

"कायवरून?" यजमानांनी विचारलं. लग्नानंतर मला विचारलेला त्यांचा पहिलाच गंभीर प्रश्न.

"त्या हातात विंचवाची अंगठी आहे. म्हातारा मरतो तेव्हा तीच अंगठी काढून तिला देतो."

त्यांनी किल्लीचं चित्र पाहून दोन वर्षं झाली होती. मी मरण पंधरा दिवसांपूर्वी वाचलं होतं आणि किल्ली त्याच सकाळी. फाइल उघडली गेली. एकदा वरचं पान, एकदा तळचं. नणंदेनं चित्राला नाक लावलं.

"दादा, विंचूच हाय बे!"

मामंजी चष्मा न लावताच म्हणाले, "डाव्या हातात हाय." पोरांचं पुस्तक ते हातात धरत नसत, एवढंच मी पुन्हा सांगते.

नणंद सरकली. बाजेवर वीतभर जागा झाली. मी बसले आणि त्या दिवशीचा अंक मीच मोठ्यानं वाचला, वीरांच्या आवाजांसकट. माझा उडणारा वीर जरा भाजीवाल्यासारखा ओरडायचा, पण कोणी तक्रार केली नाही.

सहा महिन्यांनी चित्रकथेनं स्वतःच उलगडा केला. तो हात म्हाताऱ्याचा नव्हताच. तुरुंगाच्या पहारेकऱ्याचा होता, आणि अंगठीचा कुठं उल्लेखही नाही. मी घाबरले. वाटलं, आता उठवतात बाजेवरून.

"लिहिनारा चुकला," नणंद ठामपणे म्हणाली.

"साफ चुकला," यजमान म्हणाले.

मामंजींनी दाभण घेतलं, अंकाला भोक पाडलं आणि समासात शाईनं बारीक अक्षरात शेरा मारला: सूनबाईचे म्हणणे ग्राह्य.