मुद्देमालातली म्हैस

ती म्हैस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मुळशीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. डोंगरवाडीतल्या एका बाईने, चरायला सोडलेली म्हैस परतली नाही, अशी फिर्याद दिली होती. तिसऱ्या दिवशी खबऱ्या म्हणाला, चांदे गावातल्या एका गोठ्यात नवी म्हैस उतरली आहे. आम्ही छापा घातला, पंचनामा करून म्हैस जप्त केली आणि ठाण्याच्या आवारात बांधली. आमच्या हवालदाराने पंचनाम्यात लिहिलं, 'रंग काळा, शिंगे दोन.' एवढ्या वर्णनावर तालुक्यातली कुठलीही म्हैस जप्त झाली असती!

गोठेवाला हिंजवडीच्या सोसायट्यांना दूध घालणारा, बोलायला गोड. त्याने बाजाराची पावती टेबलावर ठेवली. बाईकडे कागदाचा कपटाही नव्हता.

"साहेब, घरी रेडकू हाय. बोटानं पेज चाटवतीया त्याला. किती दिस जगंल?"

ताबा न्यायालय देणार, पण माझा अहवाल पाहून. खरं सांगतो, पावती पाहून माझा कल गोठेवाल्याकडेच झुकला होता.

तेवढ्यात दूध काढायला बसलेल्या हवालदाराला म्हशीने लाथ घातली. मला एकदम सुचलं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, दूध कसं देते?

"चारी सड नळावानी चालत्यात," गोठेवाला म्हणाला.

"चार कुटले, साहेब?" बाई म्हणाली. "डावा मागचा सड आंधळा हाय. मागच्या वेताला सुजला, तवापास्नं थेंब न्हाई."

पंचांसमोर बाई म्हशीजवळ बसली, पाठीवर थाप मारून "ये गं बाय" म्हणाली. तीन सडांतून धारा लागल्या. चौथा कोरडा!

गोठेवाल्याचा चेहरा उतरला. "कासेला हातच लावू दिला न्हाई तिनं," तो पुटपुटला आणि चोरी कबूल केली. पावती दुसऱ्याच म्हशीची होती. माझ्या मनावरचा भार उतरला.

न्यायालयाचा आदेश आला, बाईने म्हैस ताब्यात मिळाल्याच्या सुपूर्दनाम्यावर अंगठा उमटवला. त्या दिवसापासून मी कागदाआधी माणसाला बोलू दिलं. खरा मालक आपल्या जनावराचं दुखणंही सांगतो, चोर फक्त गुण सांगतो.

दोन दिवसांनी मी वाडीवर गेलो. रेडकू कासेला ढुशा देत होतं.

"साहेब, आता परत न्हेणार न्हाई न्हवं?" बाईने विचारलं.

न्यायालयाने मागितल्यास हजर करावी लागेल, हे सांगणं माझं कर्तव्य होतं. मी म्हणालो, "नाही बाई," आणि डोंगर उतरलो.