बाटलीतली थंडी

थंडीले एवढा जीव लावनारा मानूस म्या जलमात एकच पाह्यला, माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, माहे भासरे. आमचा राजेगावचा सारा मुलूख धानाचा, पन ह्यायले वावराच्या एका तुकड्यात, एका बांधीत, गहू पाह्यजेच. त्यायची बायको गेली, माहा नवराबी गेला, घरात आमी दोघं म्हातारे. भासऱ्यानं भावसुनेसंग बोलाचं नाही, आमच्यात तशी चाल. म्हून ते जे सांगाचं ते म्हशीले सांगत, म्या ऐकाचं. भाजीत मीठ कमी हाय, हेबी म्हशीलेच. तीन म्हशी बदलल्या, चाल नाही बदलली.

पूस महिन्यात ते खिडकीत खोबरेल तेलाची बाटली ठेवत. दुपारच्या जेवनापर्यंत तेल गोठूनच राह्यलं तं थंडी खरी, गव्हाले पुढचं पानी द्याचं. पातळ झालं तं इंजनात डिझल काहून जाळाचं? ऊन लवकर तापलं का दाना भरत नाही, खर्च मात्र तेवढाच. शेजारीन मोबाईलात थंडी दाखवाले आली, तं म्हशीले म्हनाले, "त्या डब्यानं कधी गोधडी मांगली काय?"

एका साली थंडी आलीच नाही. रोज दुपारी तेल पान्यावानी. ते ताटावर बसत आन् तसेच उठून जात. चवथ्या दिशी माह्याच्यानं पाह्यवलं नाही. ते वावरात गेल्यावर म्या बाटली रांजनाखालच्या ओल्या रेतीत खुपसली, जेवनाच्या आंधी पुसून जागेवर ठेवली. तेल पांढरं, घट्ट. बाटली हातात घेऊन ते कितीक येळ बसून राह्यले, जसं उघड्या डोळ्यानं सपन पाहून राह्यले. मंग भात दोनदा मांगला, म्हशीले. संध्याकाळी डिझल आनून इंजन चालू.

माघात असं ऊन तापलं का गहू उभ्या उभ्या पिवळा झाला. दाना जिऱ्यावानी. डिझलचे पैसेबी निंगाले नाही. मी आंगनात खाली मान घालून पाखडत होती. ते म्हशीपाशी येऊन उभे राह्यले.

"घरात सांगजो," ते तिले म्हनाले, "बाटलीच्या बुडाले रेती होती. म्या तवाच पाह्यली. मलेबी थंडीच पाह्यजे होती."

म्हैस आता इकली. पूसात आमी दोघं ओसरीवर बसतो, मंधात बाटली. सांगाले कोनी नाही, म्हून कोनी काही सांगत नाही. दुपार चढते, तेल हळूच पातळ होते. रांजनाखालची रेती मात्र म्या ओलीच ठेवली हाय, आन् त्यायले माहीत हाय.