उस्ताद आणि वरचे चारशे किलोमीटर

उस्तादांनी उभं आयुष्य ट्रकच्या स्टिअरिंगमागे काढलं होतं. निवृत्तीनंतरही ते घरच्या खुर्चीत पाठ ताठ करून, समोर नजर लावूनच बसत. विमानाचं नाव काढलं की एकच पालुपद, "चाकं जमिनीवर, तोवर माणूस शाबूत!"

पण दिवस भरायच्या आधीच लेकीला दवाखान्यात न्यावं लागलं. जावयाचा फोन ठेवताच उस्तादांच्या बायकोनं, काकूंनी, बॅग काढली. रस्त्यानं जायचं तर दोन दिवस मोडणार.

"तुम्ही या सावकाश ट्रकनं," त्या म्हणाल्या. "मी निघाले विमानानं."

उस्तादही उठून आपले कपडे बॅगेत भरू लागले.

पुतण्यानं तिकिटं काढली. "काका, अंतर सातशे किलोमीटर. दीड तासात पोचाल."

"सातशे? अरे, अकराशे आहे! रस्ता तोंडपाठ आहे मला."

"विमान सरळ जातं ना."

उस्तादांचा चेहरा पडला. "म्हणजे दर खेपेला वरचे चारशे किलोमीटर मी नुसती वळणंच घेत होतो?"

"त्याच वळणांवर घर चाललं," काकू साड्यांच्या घड्या घालत म्हणाल्या.

दीड तासाच्या प्रवासासाठी विमानतळावर सकाळपासून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाणं सुरू झालं. तपासणीत पट्टा काढून द्यावा लागला. एका हातानं पँट सावरत उस्ताद कुरकुरले, "एवढ्या वेळात माझा घाट चढून झाला असता."

विमान उडालं तेव्हा त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. मग त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि भीती विसरले. ज्या घाटात दर खेपेला स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरावं लागायचं, तो खाली दोरीच्या गुंत्यासारखा पडला होता.

"अगं, तो बघ पूल! तिथंच माझा टायर फुटला होता!"

पुढच्या चार रांगांनी वाकून पूल पाहिला.

मुक्कामाचं शहर दिसू लागलं, पण विमान उतरेना. धावपट्टी मोकळी नाही, अशी घोषणा झाली. काकूंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. "काही बिघडलं का हो?"

"छे! नंबर लागला नाही अजून. माल उतरवायला गोदामाच्या दाराशी किती उभा राहायचो मी!"

"पण हा उभा कुठे राहतोय?"

"म्हणून तर फिरतोय बिचारा."

काकूंना हसू फुटलं. उस्ताद मात्र खिडकीतून दवाखाना शोधत होते. वर आभाळात ते, खाली लेक, आणि मधे जायला रस्ताच नाही.

एकदाचं विमान टेकलं. काकूंनी फोन सुरू करताच जावयाचा आवाज आला, "आई, मुलगी झाली! दोघी छान आहेत."

विमान घिरट्या घालत होतं, तेव्हाच झाली होती. उस्तादांनी रुमाल डोळ्यांना लावला तो काढेचनात. मागची माणसं खोळंबली.

"उठा हो आजोबा," काकू म्हणाल्या.

दवाखान्यात नातीला मांडीवर घेऊन ते इतके ताठ बसले, की लेकच म्हणाली, "बाबा, श्वास तरी घ्या!"

आठवड्यानं जावयानं विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं काढू?"

नातीनं उस्तादांचं बोट मुठीत धरलं होतं. ते हळूच म्हणाले, "घाई काय आहे? दीड तासाचा तर रस्ता."

असं म्हणत म्हणत ते दोन महिने राहिले.